काळोखाच्या महिन्यांची बेगमी

मुंबईत जानेवारीत सुमारे २७० तास ऊन पडतं. मे महिन्यात हा आकडा ३०० च्या घरात जातो. जुलैत तो ७५ च्या आसपास येतो, म्हणजे दिवसाला सरासरी अडीच तासही नाही. ऑगस्टची गतही तीच. आता डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन घ्या. ज्या काळोख्या हिवाळ्याबद्दल गेली काही वर्षं इतकं लिहिलं-बोललं जातं, त्या हिवाळ्याच्या ऐन डिसेंबरात तिथे पन्नासेक तास ऊन मिळतं. वर्षाचे दहा महिने उन्हाने भाजून निघणारं आपलं शहर उरलेले दोन महिने उत्तरेकडच्या त्या काळोखाच्या इतकं जवळ जातं, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

दहिसरला हा काळोख जरा जास्तच दाटतो. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, पश्चिमेला मनोरीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात महामार्ग, रेल्वे, मेट्रो, जुनी गावठाणं आणि नव्या इमारती. समुद्रावरून आलेले ढग टेकड्यांना टेकले की तिथेच मुक्काम ठोकतात. केतकीपाड्याच्या चढावरून समोरचा डोंगर दिवसदिवस दिसत नाही. आषाढात दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. मीठ पाझरतं, काडेपेटी सादळते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसर राहतात. तुळशी तलावाच्या परिसरातून निघालेली दहिसर नदी साधारण बारा किलोमीटर वाहत खाडीला मिळते; उन्हाळ्यात तिच्याकडे कुणी पाहत नाही, या दोन महिन्यांत मात्र पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस मान वाकवून पाणी कुठवर चढलंय ते बघतो.

पारा तसा खाली येत नाही हे खरं. पंचविशीच्या फारसा खाली तो उतरत नाही. पण भिजून घरी आलेल्या माणसाला वारा लागला की हुडहुडी भरते, आणि त्या वेळी पारा किती आहे याचं त्याला काही देणंघेणं नसतं. त्याला हवा असतो कोरडा पंचा, गरम चहा, लावलेला दिवा आणि आपलं माणूस. नेमक्या या चार गोष्टींवर उत्तर युरोपातल्या लोकांनी आपला हिवाळा उभा केला आहे.

डेन्मार्कमध्ये त्याला ह्युगे म्हणतात. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये नावं वेगळी, रीत तीच. मंद उजेड, मेणबत्त्या, लोकरी मोजे, वेलची घातलेला पाव, कॉफी आणि मोजकीच जवळची माणसं. २०१६ मध्ये कोपनहेगनच्या हॅपिनेस रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माइक विकिंग यांचं या विषयावरचं छोटेखानी पुस्तक आलं आणि पाहता पाहता ही रीत जगभर विकाऊ माल झाली. आपल्याकडेही डिसेंबर आला की सुगंधी मेणबत्त्या, पांढऱ्या दिव्यांच्या माळा आणि लोकरीच्या गाद्या-उश्या दुकानांत दिसू लागतात. दहिसरचा डिसेंबर मात्र लख्ख, कोरडा काळ. त्या दिवसांत माणसं गच्चीवर जातात, उद्यानात फिरायला जातात, लग्नं काढतात. आपला काळोखाचा हंगाम आषाढ-श्रावणाचा. आणि त्याची तयारी या किनाऱ्यावरच्या मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या इतकी बारकाईने केलेली आहे की तिच्याकडे एकदा नीट बघायला हवं.

*

आधी उत्तरेकडे काय चालतं ते पाहू, कारण मेणबत्ती तेवढी दिसते आणि बाकीचं नजरेआड राहतं.

नॉर्वेतलं ट्रोम्सो हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या बरंच वर, सुमारे ७० अंश अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्यबिंब दिसत नाही. कॅरी लीबोविट्झ ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तिथे अभ्यासाला गेली होती. एवढ्या काळोखात माणसं खचत कशी नाहीत, हा तिचा प्रश्न. नॉर्वेच्या वेगवेगळ्या भागांत विचारणा केल्यावर तिला आणि तिचे सहकारी योआर विटेरशो यांना आढळलं ते असं : जसजसं उत्तरेला जावं तसतसा लोकांचा हिवाळ्याकडे पाहण्याचा भाव अधिक प्रसन्न होत जातो. त्यांच्यासाठी हिवाळा म्हणजे वाट पाहण्यासारख्या गोष्टींचा हंगाम. जानेवारीत सूर्य परत येतो त्या दिवशी शाळांना, कचेऱ्यांना उत्सवाचं रूप येतं आणि घरोघरी जॅम भरलेले गोल पाव खाल्ले जातात.

दक्षिण नॉर्वेत र्‍युकान नावाचं गाव आहे. खोल दरीत वसलेलं, त्यामुळे सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथल्या चौकात ऊन पोचत नाही. नॉर्स्क हीड्रो कंपनीने कारखान्यासाठी हे गाव वसवलं आणि कामगारांना हिवाळ्यात ऊन मिळावं म्हणून १९२८ मध्ये डोंगरावर जाणारा पाळणा बांधून दिला. डोंगरावर आरसे लावून ऊन खाली आणायची कल्पना त्याहून जुनी, १९१३ च्या सुमाराची. ती प्रत्यक्षात यायला शंभर वर्षं लागली. २०१३ च्या ऑक्टोबरात डोंगरावर तीन मोठे आरसे बसले. सूर्य सरकेल तसे ते फिरतात आणि गावच्या चौकात उन्हाचा एक तुकडा पाडतात. म्हातारी माणसं, बाबागाड्यांतली मुलं त्या तुकड्यात येऊन उभी राहतात. घरात मेणबत्ती लावणं ही झाली ज्याची त्याची हौस. गावच्या चौकात, सगळ्यांसाठी ऊन उतरवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

डेन्मार्कचंही तसंच. १९७३ च्या तेलसंकटात तो देश पार हादरला, कारण त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा आयात तेलावर चालत होती. १९७९ मध्ये त्यांनी घरं तापवण्याबद्दलचा कायदाच केला. आज तिथल्या साधारण दोन-तृतीयांश घरांना रस्त्याखालच्या नळांतून गरम पाणी येतं. एकाच केंद्रात तापवलेलं, पेठाच्या पेठा उबदार ठेवणारं. वीजकेंद्रांची वाया जाणारी उष्णता त्यात वापरली जाते. मेणबत्त्यांच्या दरडोई खपात डेन्मार्क युरोपात सर्वांत पुढे आहे, हे सगळे सांगतात. ती मेणबत्ती मजेची ठरते ती भिंतीतून नळ फिरलेला असतो म्हणून. बाहेर उणे पाच आणि घरात उणे दोन असतं तर मेणबत्तीभोवती कुणी गाणी म्हटली नसती.

*

आता आपली बेगमी.

मे महिना उतरणीला लागला की दहिसर-बोरिवलीच्या बाजारांत सुक्या मासळीच्या पाट्या वाढतात. आगोट जवळ आल्याची ती खूण. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या, सुकवलेले बांगडे. खाडीपलीकडे गोराई, मनोरी, उत्तन या गावांत बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले असतात, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जायला कायद्याने बंदी आहे. मासळीच्या विणीचा हा काळ. कायदा अलीकडचा; कोळ्यांची रीत कितीतरी जुनी. बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवायच्या, जाळी सांधायची, इंजिनाची दुरुस्ती करायची, आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही. दोन महिने घरात बसायचं म्हणजे दोन महिन्यांचं जेवण आधी भरून ठेवायला हवं. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर लोफोटेन बेटांत लाकडी मांडवांवर कॉड मासा असाच वाऱ्यावर सुकवतात. तिथली थंडी त्याला टिकवते, इथलं ऊन बोंबलाला टिकवतं.

गावठाणातल्या भंडारी, वाडवळ, आगरी घरांत आणि नंतर चाळींत-इमारतींत आलेल्या कोकणी, घाटी घरांत बेगमीची यादी थोडीफार बदलते. पापड, कुरडया, सांडगे, आंबोशी, फणसपोळी, वर्षाचा मसाला, कोकमं, भरडलेल्या डाळी. वाळवणं गच्चीवर; राखणीला पोरं. मे अखेरीला एक शेवटचं काम असतं, ते म्हणजे निळी ताडपत्री. दहिसरच्या कुठल्याही उंच इमारतीतून जूनच्या पहिल्या आठवड्यात खाली पाहा, बैठ्या वस्त्यांची छपरं निळी झालेली दिसतात. माझ्या मते बेगमीच्या यादीत पापडाच्या आधी या ताडपत्रीचं नाव लिहायला हवं. ज्या घरात ती फाटकी आहे त्या घरात पुढचं काहीच शक्य नाही.

पाऊस सुरू झाला की दुसरी आवक सुरू होते, ती जंगलाकडून. राष्ट्रीय उद्यानातल्या आणि पलीकडच्या पाड्यांतल्या आदिवासी बायका रेल्वे स्टेशनांबाहेर गोणपाटावर रानभाज्यांच्या जुड्या मांडून बसतात. सगळ्यांत आधी शेवळं. पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येणारे जांभळट-तपकिरी कोंब. त्यांना खाज असते, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची, आणि मुरलेली सुगरण त्यात सोडे किंवा वालाची डाळ घालते. मग टाकळा, फोडशी, भारंगी, कंटोळी, कुड्याची फुलं. शेवळं-काकडाची जोडी विकणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं. काकड घेतला नाही तर ती आठवण करून देते आणि कसं चिरायचं तेही सांगते. ज्या शहरात भाजी फोनवर मागवतात, तिथे गोणपाटावरचं हे शिक्षण अजून चालू आहे.

आषाढात तळायचं असतं. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या गोड पुऱ्या, करंज्या. कांदाभजीबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे, ते सोडून देतो. आणखी एक उबेची जागा होती, ती आता जवळजवळ गेली : तान्ह्या बाळाच्या घरातली शेगडी. निखाऱ्यांवर वेताची टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर ओली दुपटी, लंगोट पसरायचे. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा पडला की खोलीभर तो वास. पावसाळ्यात जन्मलेल्या पोरांची पहिली ऊब ती असे.

*

आषाढी अमावस्येला दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे माळ्यावरून काढायचे. समया, निरांजनं, लामणदिवे, कंदील. चिंच किंवा राखेने घासून लख्ख करायचे, पाटावर मांडायचे, पूजा करायची. कणकेत गूळ घालून उकडलेले दिवे तूप घालून खायचे. या दिवसाला अलीकडे दुसऱ्याच एका नावाने ओळखतात आणि त्या नावावरून दरवर्षी वाद होतो. मला त्या वादात शिरायचं नाही. मला एवढंच महत्त्वाचं वाटतं की वर्षातल्या सगळ्यांत अंधाऱ्या पंधरवड्याच्या शेवटी घरातली उजेडाची सगळी साधनं एकत्र आणून, तपासून, दुरुस्त करून ठेवण्याचा एक दिवस कुणीतरी पंचांगात बसवून दिला. वात नसलेला कंदील कळतो तो त्या दिवशी, गळणारी समईही त्याच दिवशी लक्षात येते. विजेच्या आधीच्या कोकणात, मुसळधार पावसाच्या रात्री, ही गोष्ट जिवावरचं संकट टाळणारी होती.

दुसऱ्या दिवशी श्रावण. भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलाबाळांत रमलेली जिवती, बुध आणि बृहस्पती. प्रत्येक वाराची वेगळी पूजा, वेगळा पदार्थ आणि वेगळी कहाणी. सोमवारची शिवामूठ, मंगळवारची मंगळागौर, शुक्रवारचं पुरण. आठवड्याचे सातही दिवस काहीतरी वाट पाहण्यासारखं. ट्रोम्सोच्या लोकांबद्दल लीबोविट्झला जे आढळलं, ते इथे वारावार लावून ठेवलेलं आहे.

कहाण्यांचं तर विशेषच. आटपाट नगरातल्या त्या गोष्टी आजी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याच्या हातात तांदूळ असतात आणि गोष्ट संपेपर्यंत उठायचं नसतं. त्यांतली माणसं बहुतेक गरीब. कुणाची सून छळली जाते, कुणाचा भाऊ विसरतो, कुणाच्या घरी पाहुण्याला वाढायला काही नाही. भर पावसात, धान्याचे डबे तळाला गेलेले असताना, गरिबीच्याच गोष्टी मोठ्याने सांगायच्या आणि शेवटी त्यातून सुटका होताना ऐकायची, यात मोठा धीर आहे. पुरुषांच्या बैठकीत पोथी लागायची. नाझऱ्याच्या श्रीधरांचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा, ‘शिवलीलामृत’ १७१८ चं. एक जण वाचणार आणि बाकीचे ऐकता ऐकता हाताने काहीतरी करणार, वाती वळणार, सुतळी काढणार, वाल सोलणार.

आइसलँडच्या शेतकरी घरांत हिवाळी रात्री नेमकं हेच चाले. त्याला क्वोल्डवाका म्हणत. सगळं कुटुंब आणि गडीमाणसं एकाच लांबट खोलीत झोपत, जेवत आणि कामं करत. एक जण जुन्या वीरकथा वाचून दाखवी आणि बाकीचे लोकर पिंजत, सूत कातत, विणत. एवढीशी लोकसंख्या, दारिद्र्य, ज्वालामुखी, दुष्काळ, आणि तरी त्यांचं मध्ययुगीन वाङ्‌मय घराघरांत जिवंत राहिलं, यात या रात्रींचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे श्रीधर खेडोपाडी पोचला तोही याच वाटेने. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही ‘हरिविजय’ ठाऊक होता.

आणि मंगळागौरीची जागरणं. लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी पूजा, आणि रात्रभर झिम्मा, फुगड्या, पिंगा, लाट्या, कोंबडा, आगोटापागोटा, घागर फुंकणं. बंद घरात, पावसाच्या महिन्यात, बायकांच्या अंगाला एवढा व्यायाम आणि मनाला एवढी मोकळीक देणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. सासरचं गाऱ्हाणं सासूच्या समोर गाण्यात मांडायची मुभा त्या एका रात्रीपुरती का होईना, होती. आता उपनगरांत मंगळागौरीचे खेळ सादर करणारे महिलांचे गट आहेत, सभागृहांत स्पर्धा होतात. त्याला नाकं मुरडणारी मंडळी भेटतात. मला ते पटत नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वीस बायकांचा झिम्मा होऊ शकत नाही. खालच्या मजल्यावरच्या झुंबराचा तरी विचार करावा लागतो. सभागृहात का होईना, चाल टिकली आणि गुडघे हलले.

*

हे सगळं लिहिताना एक गोष्ट घशात अडकते. या उबेचा खर्च कुणी केला?

तळण बायकांनी तळलं, दिवे बायकांनी घासले, वाळवणं बायकांनी घातली. उपासाच्या दिवशी उपाशीपोटी पुरण वाटलं ते त्यांनीच. मंगळागौर सवाष्णींची, त्याच घरातली विधवा आत्या माजघराच्या दाराआडून खेळ बघत बसली. कणकेच्या दिव्याचा वास सगळ्या गावाला आला असेल, पण पाटावर बसायला सगळ्या गावाला बोलावणं नव्हतं. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ येप्पे ट्रोले लिनेट यांनी २०११ मध्ये ह्युगेबद्दल हेच दाखवून दिलं, की आतल्यांची ऊब बाहेरच्यांना बाहेरच ठेवते. डेन्मार्कमध्ये कामाला गेलेले परके लोक तक्रार करतात तीही हीच : सहकारी सौजन्याने वागतात, पण घरच्या टेबलापर्यंत पोचायला वर्षं जातात. घरात भिंती उबदार होत जातात तशी दारं जड होत जातात. इकडे आणि तिकडेही.

दहिसरमध्ये या प्रश्नाचं रूप सर्वांत उघडं दिसतं ते नदीकाठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि त्या दिवशी मुंबईच्या मिठी, पोयसर, ओशिवरा, दहिसर या सगळ्याच नद्यांनी आपापल्या जुन्या जागा परत मागितल्या. दहिसर नदीच्या काठच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरलं. बेगमीचे डबे, मसाल्याच्या बरण्या, मुलांची दप्तरं, जिवतीचा कागद, सगळं एका गढूळ पाण्यात. त्यानंतर नदी रुंद करण्याची, तिच्या काठाने भिंती बांधण्याची कामं झाली. तरीही जुलैच्या रात्री पावसाचा आवाज वाढला की नदीकाठचं घर जागं होतं आणि पहिलं काम म्हणून खाटेवर सामान चढवतं. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत चहाचा कप घेऊन तोच आवाज ऐकणाऱ्याला पाऊस वेगळा वाटतो. दोघांच्या मध्ये अंतर असतं एका रस्त्याचं.

म्हणून डेन्मार्ककडून आपण मेणबत्त्या घेण्याआधी रस्त्याखालचा तो नळ समजून घ्यावा असं मला वाटतं. आपल्या काळोखाच्या हंगामात त्या नळाची जागा नाल्यांनी घेतलेली आहे. पालिकेने मे महिन्यात नीट उपसलेला नाला, गाळ काढलेली नदी, झोपडीवरचं न गळणारं छप्पर, उघडं न राहिलेलं गटाराचं झाकण. श्रावणातली ऊब यांच्यावर उभी असते, आणि ही कामं घरात बसून कुणा एकट्याला करता येत नाहीत.

*

डिसेंबराबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण दहिसरला थंडी पडतच नाही असं नाही. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं. मुंबईचा तो नीचांक अजून टिकून आहे. उत्तरेकडून वारे आले, आकाश निरभ्र असलं आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू झाला की आजही पारा उतरतो. उद्यानाला लागून असलेल्या भागांत झाडीमुळे तो शहराच्या मानाने जास्तच उतरतो. अशा पहाटे महामार्गाच्या कडेला, बांधकामांच्या फाटकांशी शेकोट्या दिसतात.

आपल्या हिवाळ्याचा एक सुरेख रिवाज जवळजवळ विस्मरणात गेला आहे, तो म्हणजे धुंधुरमास. सूर्य धनु राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी. वर्षातला सर्वांत लहान दिवस याच महिन्यात येतो. या दिवसांत सूर्य उगवतानाच नैवेद्य दाखवून जेवायचं. मुगाची गरम खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. म्हणजे घरातली बाई पहाटे चारला उठणार, अंधारात चूल पेटणार आणि उजाडताना सगळं घर पंगतीला बसणार. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरच्या काळोख्या पहाटे डोक्यावर दिव्यांचा मुकुट घातलेली मुलगी केशरी पाव घेऊन सगळ्यांना उठवते. दोन्हीकडे भूक आणि उजेड एकाच वेळी येतात. धुंधुरमास अजून पाळणारी घरं दहिसरमध्ये असतील ती हाताच्या बोटांवर. सकाळी सहा वाजून काही मिनिटांची लोकल पकडणाऱ्या शहरात ते कठीणच. पण एखाद्या रविवारी, शेजारपाजाऱ्यांना बोलावून, पुरुषांनी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या तर काय बिघडेल?

शेकोटीचा प्रश्न अवघड आहे. हिवाळ्यात मुंबईची हवा खाली बसते, धूर वर जात नाही, आणि उघड्यावर काही जाळायला मनाई आहे. ९ जानेवारी २०२५ च्या आदेशात उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांवरच्या बेकऱ्यांनाही सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं. हे योग्यच. पण शेकोटी पेटवतो कोण? इमारतीचा रखवालदार. बारा तासांची रात्रपाळी, पत्र्याची चौकी, पुठ्ठ्याचा आडोसा. तो सापडेल ते जाळतो, त्यात प्लास्टिकही असतं, आणि तो धूर सर्वांत आधी त्याच्याच छातीत जातो. जाळू नको एवढंच सांगून भागत नाही. दारं-खिडक्या असलेली चौकी, जाड स्वेटर, घोंगडी आणि मध्यरात्री थर्मासमधला चहा एवढं सोसायटीच्या खर्चात बसवणं कुठल्याही सर्वसाधारण सभेला अवघड नाही. र्‍युकानच्या कारखानदारांनी कामगारांसाठी पाळणा बांधला होता.

*

दिवाळी अंकाचंही नातं काळोखाच्या महिन्यांशी आहे. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि चातुर्मास संपत असताना, थंडी दाराशी आलेली असताना वाचायचा ढीग घरात आणायची सवय मराठी माणसाला लागली. आइसलँडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले, कागद त्यामानाने मिळत होता, म्हणून लोक नाताळात एकमेकांना पुस्तकं देऊ लागले. १९४४ पासून तिथे नव्या पुस्तकांची यादी हिवाळ्याच्या तोंडावर घरोघर पोचवली जाते आणि २४ डिसेंबरच्या रात्री माणसं भेट मिळालेलं पुस्तक घेऊन अंथरुणात शिरतात. आपल्याकडे उपनगरांतल्या वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना आहेत. एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा. विकत घेण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक आवडते. अंकावर आधीच्या वाचकाच्या चहाचा डाग असतो आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने खूण केलेली असते.

दिवाळीतला आकाशकंदील उतरायच्या आत शेजारच्या आय. सी. कॉलनीतल्या ख्रिस्ती घरांत कागदी तारे टांगायची तयारी सुरू होते. मंडपेश्वरच्या लेण्यांपासून हाकेच्या अंतरावरची ही वस्ती. स्वीडनमध्येही नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक खिडकीत आतून दिवा लावलेला कागदी तारा असतो. स्टॉकहोम, गोथेनबर्ग, कोपनहेगनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं त्यामुळे एक काम सोपं होतं : दिवाळीचा कंदील काढायची घाई करावी लागत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, चार वाजता अंधारू लागतं, आणि खिडकीतला कंदील एकदम कामाचा होतो.

त्यांची अडचण वेगळीच आहे. पंचांगातला काळोख आणि तिथला काळोख जुळत नाहीत. दिव्यांची अवस येते तेव्हा स्टॉकहोमला रात्री साडेआठनंतरही उजेड असतो. श्रावण म्हणजे तिथली भर उन्हातली सुट्टी. कहाणी सांगायला घ्यावी तर पोरं बाहेर सायकल चालवत असतात. काही घरं तिथीला पूजा उरकून गोष्टी नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवत असतील तर ते मला अगदी रास्त वाटतं. कहाणीला अंधार लागतो, तिथी नसली तरी चालेल.

२०२६ साली मात्र एक योग आहे. अधिक ज्येष्ठामुळे आषाढी अमावस्या १२ ऑगस्टला येते आणि त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. त्याचा पट्टा ग्रीनलंड, आइसलँडचा पश्चिम भाग आणि उत्तर स्पेनवरून जातो. रेक्याविकमध्ये संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास साधारण एक मिनिटभर सूर्य पूर्ण झाकला जाईल. दहिसरला त्या वेळी रात्रीचे सव्वाअकरा झालेले असतील, म्हणजे इथून काही दिसायचं नाही. पण आइसलँडमध्ये एखादं मराठी घर असेल, तर त्यांना दिव्यांच्या अवसेला समई लावण्याएवढा अंधार त्या एका वर्षी भर उन्हाळ्यातही मिळेल.